मेरुखंड संगणकावर: फंक्शनल प्रोग्रॅमिंग, क्वांटम संगणन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या मदतीने ताना रचण्याची पद्धत

इंदूर घराण्याचे नाव निघाले की उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची अतिविलंबित लयीतल्या झुमरा तालातली बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, आठवते, आणि त्या बढतीमागे असलेली मेरुखंडाची शिस्तही आठवते. मेरुखंड म्हणजे निवडलेल्या स्वरांच्या सर्व संभाव्य क्रमांची पद्धतशीर मांडणी. तीन स्वर घेतले तर ६ क्रम होतात, पाच घेतले तर १२०, आणि सातही घेतले तर ५०४०. हे सगळे क्रम गळ्यातून काढायचे, त्यांतले रागाला शोभणारे ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, असा तो रियाज असतो. संगणकाच्या साहाय्याने काही नवे रचू पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला विषय मिळणे कठीण आहे, कारण नियम, निवड आणि संस्कार या तिन्ही गोष्टी यात स्पष्टपणे वेगळ्या दिसतात.

इंदुरातील मराठी घरांत गाण्याचा क्लास आणि अभियांत्रिकीचे शिक्षण एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला येणे नवे नाही. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहून जीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सिमरोलच्या आयआयटीत जाणाऱ्या आणि संध्याकाळी तानपुरा लावून बसणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. थोडे प्रोग्रॅमिंग आणि थोडे गाणे येत असेल तर पुढची प्रत्येक पायरी घरच्या लॅपटॉपवर करून पाहता येईल.

कृत्रिम बुद्धिमत्ता, फंक्शनल प्रोग्रॅमिंग आणि क्वांटम संगणन ही तीन नावे हल्ली एका दमात घेतली जातात, आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. रचनेच्या कामात तिघांची कामे वेगळी आहेत. फंक्शनल प्रोग्रॅमिंग नियम सांभाळते, म्हणजे तेच दिले तर तेच मिळते. क्वांटम संगणन अनेक शक्यतांतून एक उचलते, आणि कोणती उचलली जाईल हे आधी सांगता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरून सवय शिकते. माझा आग्रह एवढाच आहे की ही कामे याच क्रमाने करावीत. जो यंत्राला आधी सवय शिकवतो आणि नियम नंतर आठवतो, त्याच्या हाती रागाची नक्कल लागते, राग लागत नाही.

तयारी

नियमांच्या भागासाठी हास्केल ही भाषा घ्यावी. पायथनमध्येही फंक्शनल शैलीत लिहिता येते, परंतु हास्केलमध्ये फंक्शनची शुद्धता भाषाच राखते, ती आपल्या शिस्तीवर सोडलेली नसते. क्वांटमच्या भागासाठी पायथन आणि आयबीएमचे किस्किट हे मुक्त साधन लागेल. ऐकण्यासाठी स्ट्रुडेल वापरावे; ते ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. हास्केलवर आधारलेले टायडलसायकल्स हे त्याचे मूळ रूप असून त्यात प्रत्येक लयाकृती म्हणजे काळाचे एक फंक्शन असते.

राग म्हणून हंसध्वनी घेऊ: सा रे ग प नि. पाचही स्वर शुद्ध आहेत, त्यामुळे लिहिण्याची अडचण नाही. मूळचा कर्नाटक पद्धतीतला हा राग भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्यामुळे उत्तरेकडे रुजला, आणि अमीर खाँ यांनीही तो गायला.

पहिली पायरी: प्रस्तार

सर्व क्रम निर्माण करणारे फंक्शन लिहिताना प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातला कोणताही आयता क्रम घेऊ नये. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हिशेबखात्यातले मोठे अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात जो क्रम दिला आहे तोच घ्यावा, कारण त्याची व्याख्या आपल्याला हवी तशी पुनरावर्ती आहे. शेवटच्या जागी प्रथम सर्वांत वरचा स्वर ठेवायचा आणि त्याच्याआधी उरलेल्या स्वरांचा संपूर्ण प्रस्तार, म्हणजे त्यांचे सर्व क्रम, लिहायचा. मग शेवटच्या जागी त्याखालचा स्वर ठेवायचा आणि पुन्हा तेच करायचे. सा रे ग या तीन स्वरांवर हे करून पाहिले तर सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा असे सहा क्रम मिळतात.

फंक्शनच्या भाषेत याची दोनच वाक्ये होतात. स्वरांची यादी रिकामी असेल तर उत्तर म्हणजे एकच रिकामा क्रम. ती रिकामी नसेल तर वरून खाली प्रत्येक स्वरासाठी, तो स्वर काढून उरलेल्या यादीचा प्रस्तार करावा आणि त्या प्रत्येक क्रमाच्या शेवटी तो स्वर जोडावा. कुठेही मोजणी ठेवणारा चल नाही आणि कुठलीही जागा पुसून पुन्हा लिहिलेली नाही. प्रस्ताराची तोंडी सांगितलेली रीत आणि प्रोग्रॅम यांत इतके थोडे अंतर उरते, हेच या शैलीचे मोठे सुख आहे.

यानंतर लगेच दुसरे फंक्शन लिहावे, ते म्हणजे नष्ट. क्रमांक दिला असता संपूर्ण यादी न मांडता त्या क्रमांकाची तान सांगणे, याला ग्रंथात नष्ट म्हटले आहे. आणि तान दिली असता तिचा क्रमांक सांगणे याला उद्दिष्ट. हंसध्वनीच्या पाच स्वरांची शंभरावी तान काढून पाहू. १०० मधून १ वजा करून ९९ घ्यावेत. ९९ ला २४ ने (शेवटचा स्वर ठरल्यावर उरलेल्या चार स्वरांचे क्रम तितके) भागले तर भागाकार ४ आणि बाकी ३ येते. वरून शून्यापासून मोजत चौथा स्वर सा, म्हणून तो शेवटी. उरले रे ग प नि. ३ ला ६ ने भागले तर भागाकार ० आणि बाकी ३, म्हणून नि चौथ्या जागी. ३ ला २ ने भागले तर भागाकार १ आणि बाकी १. रे ग प यांत वरून पहिला सोडून पुढचा ग, तो तिसऱ्या जागी. उरलेल्या रे आणि प यांत १ म्हणजे रे दुसऱ्या जागी, आणि प पहिल्या. शंभरावी तान झाली: प रे ग नि सा. हे गणित वहीवर एकदा करावे आणि मगच प्रोग्रॅमचे उत्तर पाहावे. नष्ट आणि उद्दिष्ट ही फंक्शने एकामागोमाग लावली की मूळ क्रमांक परत मिळाला पाहिजे. १ ते १२० या सर्व क्रमांकांसाठी ही कसोटी चालवून घ्यावी.

दुसरी पायरी: गाळणी

१२० क्रम म्हणजे १२० ताना नव्हेत. शंभराव्या क्रमात नि वरून थेट खालच्या सा वर उडी आहे, जी जलद तानेत गळ्याला आणि कानाला दोघांनाही टोचते. म्हणून छोटे छोटे नियम वेगवेगळ्या फंक्शनमध्ये लिहावेत आणि शेवटी ते एकत्र जोडावेत. प्रत्येक नियम एक तान घेतो आणि हो किंवा नाही एवढेच सांगतो.

पहिला नियम असा की लगतच्या दोन स्वरांमध्ये मधला एकाहून अधिक स्वर ओलांडायचा नाही. सा वरून रे किंवा ग चालेल, प चालणार नाही. एवढ्या एका नियमाने १२० पैकी फक्त २० क्रम उरतात. दुसरा नियम असा की तान सा वर संपावी. आता उरतात सहाच:

रे प नि ग सा (क्रमांक १०९)
नि प रे ग सा (११४)
ग नि प रे सा (११७)
नि ग प रे सा (११८)
प नि ग रे सा (११९)
नि प ग रे सा (१२०)

हे दोन्ही नियम मी उदाहरणासाठी निवडले आहेत, ते हंसध्वनीचे शास्त्र नव्हे. राग हा स्वरांच्या क्रमाहून कितीतरी मोठा असतो. न्यास, चलन, कण, मींड यांपैकी काहीही या यादीत नाही. तुमच्या गुरुजींनी किंवा ताईंनी जे शिकवले असेल ते नियमांच्या रूपात लिहून काढणे हाच या पायरीतला खरा अभ्यास आहे, आणि त्यासाठी घाई करू नये. बहुतेक वेळा असे लक्षात येते की जो नियम आपल्याला ठाऊक आहे असे वाटत होते, तो अपवादांसह एका वाक्यात सांगताच येत नाही.

तिसरी पायरी: तिहाई

तिहाई हे कोणत्याही तानेला लागू पडणाऱ्या फंक्शनचे उत्तम उदाहरण आहे. तिला कोणती तान दिली याच्याशी देणेघेणे नसते. ती तान तीनदा म्हणते आणि शेवटचा स्वर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणते. मधे विराम न घेता पाच स्वरांची तान तीनदा म्हटली तर १५ स्वर होतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत १४ पावले पडतात. सुरुवातीची मात्रा काढायची तर तालाच्या मात्रांत १ मिळवावा आणि त्यातून, १४ ला लयीने, म्हणजे एका मात्रेतल्या स्वरांच्या संख्येने, भागून येणारी संख्या वजा करावी.

तीनतालात बरोबरीच्या लयीत १७ वजा १४, म्हणजे तिसऱ्या मात्रेपासून उठावे. दुगुनीत १७ वजा ७, म्हणजे दहाव्या मात्रेपासून. चौगुनीत तेराव्या मात्रेच्या मध्यापासून. झुमऱ्यात मात्रा १४ असल्यामुळे बरोबरीची तिहाई समेवरूनच उठते आणि पुढच्या समेवर येते. दुगुनीची आठव्या मात्रेवर, म्हणजे नेमकी ‘खाली’च्या (टाळी न देण्याच्या) मात्रेवर उठते. वर निवडलेल्या सहाही ताना सा वर संपत असल्याने समेवर प्रत्येक वेळी षड्जच येईल. अतिविलंबित लयीत प्रत्येक मात्रा फार लांब असते, म्हणून तिथे आठपटीची लय घेऊन तेराव्या मात्रेचा पाव भाग गेल्यावर उठावे लागेल. हे सगळे एकाच फंक्शनमधून, फक्त ताल आणि लय बदलून मिळते.

चौथी पायरी: क्वांटम निवड

इथे एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगायला हवी. १२० क्रमांतून सहा शोधायला क्वांटम संगणकाची गरज नाही. साधा लॅपटॉप ते निमिषात करतो. क्वांटम इथे वेगासाठी घेतलेले नाही. सहाही ताना एकाच अवस्थेत समान वजनाने उभ्या करायच्या आणि मापन करताच त्यांतली एक, कोणत्याही पूर्वनियोजित सूत्राशिवाय, समोर यावी, यासाठी ते घेतले आहे. नेहमीच्या प्रोग्रॅममधले यादृच्छिक आकडे बहुधा सूत्रातून निघतात आणि बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, तेच दिले तर तीच मालिका पुन्हा येते. मापनातून आलेल्या निवडीला तसे बीज नसते. शिवाय ही रीत एकदा हातात बसली की मोठ्या शोधासाठी तीच वापरता येते.

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट; सात क्युबिटांत १२८ क्रमांक बसतात. त्यांतले १२० आपल्या कामाचे आणि ८ रिकामे. सुरुवातीला प्रत्येक क्युबिटवर हॅडामार्ड गेट लावून १२८ क्रमांकांची समान सुपरपोझिशन, म्हणजे सर्व क्रमांक सारख्या वजनाने असलेली एकच अवस्था, करावी. आत्ताच मापन केले तर आपल्या सहांपैकी एक मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी आहे. बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधपद्धती ही शक्यता वाढवते. प्रत्येक फेरीत दोन कामे होतात: ऑरॅकल नावाचा भाग आपल्या सहा क्रमांकांचे चिन्ह उलटतो, आणि दुसरा भाग सर्व वजने त्यांच्या सरासरीभोवती परावर्तित करतो. पहिल्या फेरीनंतर शक्यता सुमारे ३७ टक्के होते, दुसऱ्यानंतर ७९, तिसऱ्यानंतर ९९ च्या वर जाते. चौथी फेरी मारली तर ती पुन्हा ८५ टक्क्यांवर घसरते. अधिक फेऱ्या म्हणजे अधिक चांगले, हा नेहमीचा समज इथे लागू होत नाही, आणि विद्यार्थ्यांनी हे सिम्युलेटरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असे मला मनापासून वाटते. फेऱ्यांचा अंदाज काढण्यासाठी एकूण क्रमांकांना योग्य क्रमांकांनी भागून त्याचे वर्गमूळ घ्यावे, त्याला ०.७८५ ने गुणावे, अर्धा वजा करावा आणि जवळचा पूर्णांक घ्यावा. इथे उत्तर ३.१ च्या आसपास येते, म्हणून फेऱ्या तीन.

ऑरॅकल बांधताना संगणक शून्यापासून मोजतो हे विसरू नये. म्हणून क्रमांक १०८, ११३, ११६, ११७, ११८ आणि ११९ यांवर चिन्ह उलटावे.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग आणि क्वांटम संगणन यांचे नाते या ऑरॅकलमध्ये दिसते. क्वांटम गेट नेहमी उलट फिरवता येईल असेच असावे लागते. आलेली माहिती पुसून टाकता येत नाही, आणि अज्ञात अवस्थेची प्रत काढता येत नाही, हे तर १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे. आपली गाळणी शुद्ध फंक्शन असल्यामुळे तिला अशा रूपात बसवणे सोपे जाते: तान तशीच ठेवायची आणि शेजारच्या एका क्युबिटमध्ये तिचा निकाल मिसळायचा. गाळणीत मधेच कुठे एखादा चल बदलत असता किंवा फाइल लिहिली जात असती, तर हे भाषांतर इतके सोपे राहिले नसते. क्वांटम मंडले लिहिण्यासाठी २०१३ मध्ये जाहीर झालेली क्विपर ही भाषा हास्केलच्याच आत बसवली गेली, ते याच कारणाने स्वाभाविक वाटते.

आधी सगळे सिम्युलेटरवर चालवावे. सात क्युबिट म्हणजे १२८ संमिश्र संख्या. जुन्या लॅपटॉपलाही त्याचा भार होत नाही. मात्र सिम्युलेटर आपली निवड पुन्हा सूत्रातूनच करतो, म्हणून खऱ्या मापनाची निवड हवी असेल तर आयबीएमच्या क्लाउडवरील यंत्राकडे जावे लागते. तिथे दुसरी अडचण उभी राहते: सात क्युबिटांच्या नियंत्रित गेटचे तुकडे केले की दोन क्युबिटांची पुष्कळ गेट होतात आणि प्रत्येकात थोडी चूक मिसळते. निकाल ९९ टक्क्यांच्या जवळपासही येईल अशी अपेक्षा ठेवू नये. म्हणूनच आलेला प्रत्येक क्रमांक पुन्हा दुसऱ्या पायरीच्या गाळणीतून काढावा. नियम शेवटी तिथेच पाळला जातो.

पाचवी पायरी: सवय शिकवणे

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. एखाद्या मोठ्या भाषिक मॉडेलला हंसध्वनीच्या ताना मागणे सोपे आहे, पण त्यात म किंवा ध शिरण्याची शक्यता राहते, आणि तशी तान हंसध्वनीची उरतच नाही. अशा मॉडेलचा उपयोग प्रोग्रॅममधली चूक समजून घेण्यासाठी किंवा कसोट्या लिहिण्यासाठी करावा. सवयीसाठी मात्र स्वतःच्या रियाजावर शिकवलेले अगदी छोटे मॉडेल बरे.

हंसध्वनीचा आपला रियाज ध्वनिमुद्रित करावा. तानपुरा हेडफोनवर ऐकावा, नाहीतर त्याचे स्वर मुद्रणात मिसळतात आणि स्वरशोधक फसतो. पायथनमधील लायब्रोसा या साधनातून प्रत्येक क्षणाची कंप्रता मिळते. तिला आपल्या षड्जाच्या कंप्रतेने भागून, दोनच्या पायाचा लॉगरिदम घेऊन १२०० ने गुणले की अंतर सेंटमध्ये येते. सप्तक १२०० सेंटचे. मींड घेताना आवाज वाटेतल्या सर्व कंप्रतांवरून जातो, म्हणून जिथे स्वर काही काळ स्थिर आहे तेवढेच तुकडे मोजावेत. जलद तानेत असे स्थिर तुकडे फारच लहान असतात, त्यामुळे सुरुवातीला मध्यलयीतले पलटे घेणे सोयीचे.

मग कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर किती वेळा आला याचा तक्ता करावा. रशियन गणिती मार्कॉव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या काव्यातील स्वर आणि व्यंजने अशाच रीतीने मोजली होती. आपला तक्ता पाच बाय पाच. तानेत स्वर पुन्हा येत नसल्याने २० खणच लागतात. समजा नि नंतर आपण २२ वेळा प, १० वेळा सा, ६ वेळा ग आणि २ वेळा रे घेतला. प्रत्येकात एक मिळवून ४४ ने भागावे: प साठी ०.५२, ग साठी ०.१६, रे साठी ०.०७. हा एक मिळवणे महत्त्वाचे आहे, नाहीतर जे आपण कधीच गायलो नाही ते मॉडेल अशक्य ठरवते, आणि नवे काही सुचण्याची वाट तिथेच बंद होते. तानेतील चारही पावलांच्या या अंकांचे लॉगरिदम मिळवले की तिचा गुणांक झाला. याद्यांवरची ही बेरीजही फोल्ड नावाच्या एका फंक्शनमध्ये मावते.

गुणांक हाती आल्यावर सर्वांत जास्त गुणांची तान निवडण्याचा मोह होतो. तो टाळावा. सर्वांत जास्त गुण म्हणजे जी तान आपण रोज घेतो ती. सर्वांत कमी गुणांची बहुधा गळ्याला अनोळखी आणि ओढूनताणून आणलेली वाटते. मला मधल्या गुणांच्या ताना सर्वांत उपयोगी वाटतात: ओळखीच्या वाटेवरून निघून एका ठिकाणी वळणाऱ्या. सहांची यादी गुणांनुसार लावावी, दोन्ही टोके वगळावीत, आणि क्वांटम निवड त्या मधल्या चारांतच करावी. त्यासाठी चौथी पायरी पुन्हा चालवावी लागेल, कारण योग्य क्रमांक सहाऐवजी चार झाले की फेऱ्यांची संख्याही बदलते; नव्या हिशेबाने ती चार येते.

गुरूंचे गायन मॉडेलला शिकवायचे असेल तर त्यांची स्पष्ट परवानगी घ्यावी आणि ते मुद्रण कशासाठी वापरणार आहोत हेही सांगावे. विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रिकांनाही हेच लागू आहे.

सहावी पायरी: ऐकणे

निवडलेली तान तिहाईच्या फंक्शनमधून काढून स्ट्रुडेलमध्ये द्यावी, ठेका लावावा, आणि आधी नुसती ऐकावी. यंत्राचे स्वर एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात, त्यामुळे चांगली तानही तिथे कोरडी वाटू शकते. म्हणून निर्णय स्वतः गाऊन झाल्यावरच घ्यावा. जी ठेवली तिचा क्रमांक आणि जी टाकली तिचे कारण वहीत लिहावे. हीच कारणे पुढे दुसऱ्या पायरीतले नवे नियम होतात.

हंसध्वनी हाताखालून गेल्यावर मारवा घ्यावा. सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नि असे सहा स्वर, म्हणजे ७२० क्रम आणि १० क्युबिट. उडीचा तोच नियम लावला तर ३४ क्रम उरतात आणि ग्रोव्हरच्या फेऱ्या चार लागतात. पण मारव्यात षड्ज टाळत उशिरा आणायचा असतो, म्हणून सा वर संपण्याचा नियम काढून तान कोमल रे किंवा ध वर संपावी असा नियम घालावा. अठरा स्वरांची तिहाई झुमऱ्यात बरोबरीच्या लयीत एका आवर्तनात मावत नाही. दुगुनीत ती सहाव्या मात्रेच्या मध्यापासून उठते. नव्या नियमाने किती क्रम उरले ते आधी प्रोग्रॅमकडून मोजून घ्यावे आणि फेऱ्यांचे सूत्र त्या संख्येने पुन्हा चालवावे.